मेणाचे दात

ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुणी मांस सोडतं, कुणी सिगारेट, कुणी चहातली साखर. आमच्या वहिनी दरवर्षी चुगल्या सोडतात आणि तसं घरोघरी जाऊन सांगतात. मी एक ओळ सोडली आहे, आणि ती बाराही महिने. रोजच्या प्रार्थनेत मधोमध येते ती: आमच्या अपराधांची क्षमा कर, जशी आम्ही इतरांना करतो. सगळं चर्च ती म्हणत असतं तेव्हा मी तोंड मिटून उभी असते. ओळ संपली की पुढच्या शब्दाला पुन्हा सामील होते. बाबा गेल्यापासून हे असंच चाललं आहे. खोटं बोलायचं तर माणसांशी बोलावं, देवाशी कशाला?

क्षमा कुणाला करत नाही, तेही सांगून टाकते. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला. दादाला.

लग्नावरून माझं बाबांशी बिनसलं होतं. माझ्या नवऱ्याचं आधीचं एक लग्न मोडलेलं, त्यामुळे आमचं चर्चमध्ये लागू शकलं नाही, आणि बाबा रुसले. अबोला होता, वैर नव्हतं. त्यातच ते आजारी पडले. मी दादाला फोन करून म्हटलं, येते. तो म्हणाला, "येऊ नकोस. बाबांना तुझं तोंड बघायचं नाहीये. तू समोर आलीस तर त्यांचा जीव खाली-वर होईल." मी मूर्ख. मी ऐकलं. माझ्यामुळे त्यांना त्रास नको म्हणून घरी बसून रडत राहिले, आणि एका सकाळी निरोप आला की बाबा गेले.

दफनानंतर हॉस्पिटलातल्या आयाने मला फाटकाशी गाठलं. "तूच का गं ती धाकटी? म्हातारा रोज तुझी वाट बघायचा. तुझा भाऊ सांगायचा, ती येत नाही म्हणते." मी तिथल्या तिथे दादाला विचारलं. तो म्हणाला, "आया काय, काहीही बरळतात," आणि लोकांचे हात हातात घेऊन सांत्वन स्वीकारायला निघून गेला.

त्यानंतर या विषयावर त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. मला त्याचं दुःख नको होतं, पश्चात्तापही नको होता. मला एवढंच कळायला हवं होतं, की बाबा शेवटी माझ्याबद्दल काय बोलले. ते एकट्या दादाला ठाऊक होतं, आणि तो ते गिळून बसला होता. चर्चमध्ये वाचन करायचा मान त्याच्याकडे, आवाज भरदार, येशूच्या यातना आठवत चालायच्या क्रुसाच्या वाटेला सगळ्यांच्या पुढे. त्या तोंडातून देवाचे शब्द बाहेर पडताना बघितले की मी मान वळवून खिडकीबाहेर बघायची.

यंदा आमच्याकडे मोठ्या फादरांच्या मदतीला नवे धाकटे फादर आले. तरुण आहेत, हौशी आहेत, आणि हळू बोलतात. इतकं हळू, की पुढचा शब्द येईपर्यंत माणसाची डुलकी लागावी. त्यांनी जाहीर केलं की या उपवासकाळात आपण पोट रिकामं ठेवण्यापेक्षा लक्ष जागं ठेवू. दर शुक्रवारी क्रुसाची वाट झाली की सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचं, पाठ ताठ, डोळे बंद. श्वास घेताना "प्रभू", सोडताना "दया कर". मग रोजची प्रार्थना, पण एकेक शब्द चावून. "घास चावतो ना आपण? तसा शब्द चावायचा. गिळायचा नाही," फादर म्हणाले.

मला त्यांचं पटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या हॉलमधली माणसं! श्वास सोडताना अशी सुस्कारत होती, जणू कुणी त्यांच्या पायावर कपाट ठेवलंय. एक बाई डोळे मिटून चेहऱ्यावर पावित्र्य आणत होती आणि मधूनच एक डोळा उघडून ते कुणी बघतंय का ते पाहत होती. कोंदट हवा, ओल्या चपलांचा वास, आणि त्यात हे सगळं गोड गोड. मला शिसारी आली. तरी बसले, कारण फादर भले गृहस्थ आहेत.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी फादर म्हणाले, "कुणाला क्षमा करायची राहिली असेल तर आज मनातल्या मनात करा."

मनातल्या मनात. सगळ्यांना कळलं, एका माणसाला सोडून. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा उभा होता. हात छातीवर.

"फादर, मला मोठ्याने बोलावंसं वाटतं," तो म्हणाला. "आमच्या बाबांच्या शेवटच्या दिवसांत माझी धाकटी बहीण त्यांना भेटायला आली नाही. फार वर्षं मी तो राग मनात ठेवला. आज, या सगळ्यांसमोर, मी तिला माफ करतो."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी "प्रभूची स्तुती असो" म्हणालं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. चोराने चोरी करावी, आणि वर भर चौकात उभं राहून घरमालकाला म्हणावं, जा, तुला सोडलं! माझी दातखीळ बसली. बाहेर पडताना दोन बायकांनी माझा हात दाबला. एक म्हणाली, "नशीबवान आहेस गं, असा भाऊ मिळाला." मी घरी येऊन हात साबणाने धुतला.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चर्चला येत नाही. बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि देवाशी त्याचं जेवढ्यास तेवढं आहे. तो म्हणाला, "तिथेच का नाही बोललीस?"

"काय बोलणार? आया आता जिवंत नाही. त्याचं तोंड आणि माझं तोंड. लोक कुणाचं ऐकतील?"

"त्याचं," नवरा म्हणाला. "त्याच्याकडे माइक आहे."

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी दादाचं तोंड माझ्याकडे प्लास्टिकच्या डबीतून आलं.

मी कवळ्या करते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत माझं टेबल आहे. एक स्पिरिटचा दिवा, मेणाची सुरी, घासायचं चाक, आणि फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे. डॉक्टरीणबाई पुढे माप घेतात, मी मागे दात बसवते. माणसाचं तोंड ही काही सुंदर जागा नाही. माप घेतलेल्या त्या गुलाबी लगद्याला लाळ चिकटलेली असते, कधी रक्त, कधी कालची भाजी. बाहेर अत्तर लावून हिंडणाऱ्यांची तोंडं आतून काय वासाची असतात, ते मला विचारा. पण या कामाची मला कधी घाण वाटली नाही. तोंड बिचारं खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

डबीतलं माप धुतलं, प्लास्टर ओतलं, साचा सुटा केला आणि टाळूवरून बोट फिरवलं. मधोमध हाडाचा उंचवटा, किंचित डावीकडे झुकलेला. मी नकळत माझ्या टाळूला जीभ लावली. तोच उंचवटा, तसाच झुकलेला. बाबांचाही तसाच होता.

बाबांचं मला चांगलं माहीत असायला कारण आहे. मी केलेली पहिली कवळी त्यांच्या तोंडात होती. तेव्हा शिकत होते. ज्या म्हाताऱ्या कारागिरांकडे मी शिकले, त्यांनी पुढचे दात बघून कपाळाला हात लावला होता. "स" म्हटला की शीळ वाजायची. सगळ्या चर्चला बाबांचा तो "स" ठाऊक होता. मी हजारदा म्हटलं, काढा, चाकावर धरून नीट करते. ते तोंड गच्च मिटून मान हलवायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दात विचकून दाखवायचे, "हे बघा, आमच्या चिमीने केलेत!" चिमी म्हणजे मी. शवपेटीत मात्र त्यांचं तोंड बसलेलं होतं, ओठ आत गेलेले. कवळी कुठे आहे विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, हॉस्पिटलात हरवली असेल.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे माप कुणाचं?" त्यांनी सांगितलं. हिरड्या सडून दादाचे सगळे दात काढावे लागले होते. गेले काही दिवस तो तोंडावर रुमाल धरून फिरत होता, तो यासाठी. "त्यांना घाई आहे," त्या म्हणाल्या. "गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचं वाचन त्यांच्याकडे आहे म्हणे. बोळक्या तोंडाने कसं वाचणार?"

मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. मग वाटलं, या तोंडाला मी हात लावणार नाही. मग वाटलं, लावते, आणि अशी कवळी देते की वाचता वाचता दात पुस्तकावर पडले पाहिजेत. नवऱ्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "पडू देत! त्या दिवशी मी येतो चर्चला." आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि दुसऱ्या दिवशी मी मेण तापवायला घेतलं.

कवळी पक्की करण्याआधी दात मेणावर बसवून तोंडात घालून बघतात. बोलताना कसे वाटतात, शीळ वाजते का, चावा जुळतो का, ते बघायचं. काही चुकलं तर मेणात दात सरकवता येतो. एकदा प्लास्टिक शिजलं की मग हलत नाही. माझ्या कारागिरांची पद्धत अशी, की करणाऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकायचं. ते माणसाला आकडे म्हणायला लावायचे. चर्चला जाणारा असला तर प्रार्थना, कारण ती पाठ असते आणि तिच्यात ओठांचे, दातांचे, टाळूचे सगळे आवाज येऊन जातात. मीही तेच करते. डॉक्टरीणबाई पेशंटला खुर्चीत बसवतात आणि मला हाक मारतात.

दादा खुर्चीत होता. गळ्यात निळा कागद. मला बघून त्याने रुमाल तोंडावर घेतला.

"तू?"

"मीच करते इथे," मी म्हटलं. "रुमाल काढा."

मी त्याला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्याला ते लागलं, आणि लागावं म्हणूनच मी केलं होतं. पलीकडच्या खोलीत एका मुलीची दाढ उपटायची होती, डॉक्टरीणबाई तिकडे गेल्या. मी दादाचे ओठ बोटाने बाजूला केले. आंबूस वास, सुजलेल्या जखमा, जिभेवर पांढरा थर. असली तोंडं मी रोज बघते. पण इतकी किळस मला कुणाच्याच तोंडाची आली नव्हती. याच तोंडाने मला सांगितलं, येऊ नकोस. याच तोंडाने बाबांना सांगितलं, ती येत नाही. मी श्वास रोखून मेणाचे दात आत बसवले.

"प्रार्थना म्हणा."

"कुठली?"

"रोजची. पाठ आहे तुमची."

त्याने म्हटली. पाढे म्हणतात तशी, एका दमात. ती ओळही इतर ओळींसारखीच आली आणि गेली. आवाजात काही दोष नव्हता. दात बरोबर बसले होते. मी "झालं" म्हणायला हवं होतं.

"मधली ओळ पुन्हा म्हणा," मी म्हटलं. "क्षमेची."

"का? शीळ वाजते?"

"म्हणा."

त्याने म्हटली.

"पुन्हा. सावकाश."

तो पुन्हा म्हणाला. मी गाल दाबून बघितल्याचं नाटक केलं. "अजून एकदा. एकेक शब्द सुटा करा. चावून म्हणा."

चावून हा शब्द माझ्या तोंडून आपोआप गेला. दादा माझ्याकडे बघायला लागला. तरी म्हणाला. आमच्या. अपराधांची. क्षमा कर. एकेक शब्द त्याच्या तोंडातून ओला होऊन बाहेर पडत होता. कपाळावर घाम आला. मी म्हटलं, पुन्हा. त्याने सुरुवात केली आणि "जशी आम्ही" पाशी तो अडकला. पुढे गेला नाही. हनुवटीवर लाळ ओघळली होती आणि ती पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"चिमे," तो म्हणाला, "दातांचं काही नाहीये ना?"

"नाही."

पलीकडच्या खोलीत मुलगी रडत होती आणि डॉक्टरीणबाई तिला समजावत होत्या. दादा छताकडे बघत बोलायला लागला. तोंडात मेण, त्यामुळे शब्द बोबडे येत होते.

"मी लहानपणापासून त्यांच्या मागे मागे. औषधं मी आणायची, कपडे मी बदलायचे, आणि दार वाजलं की ते विचारायचे, चिमी आली का? मला वाटलं, तू आलीस की ते माझ्याकडे बघणारसुद्धा नाहीत. निदान शेवटी तरी ते माझ्या एकट्याचे असावेत."

"मी ते नाही विचारत," मी म्हटलं. "बाबा काय म्हणाले?"

त्याने गळ्यातल्या निळ्या कागदाचं टोक मुठीत धरलं.

"दात लाव म्हणायचे. नर्सने काढून वाटीत ठेवले होते. रोज म्हणायचे, माझे दात लाव रे, ती येईल, बोळकं तोंड बघून चिडेल माझ्यावर. रोज. शेवटच्या दिवशीसुद्धा."

"मग?"

"मी लावले नाहीत. मला... घाण वाटायची, चिमे. त्या वाटीची, त्या दातांची. हात लावायला नको वाटायचं. ते गेल्यावर कागदात गुंडाळून टाकून दिले."

मी उभी होते, ती तशीच उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की बाबांनी मला शाप दिला असेल, किंवा माफ केलं असेल, असं काहीतरी मोठं. बाबा दात मागत होते. मी येणार म्हणून. माझे वेडेवाकडे, शिट्टी वाजवणारे दात.

दादाने नाक ओढलं, हाताने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर एकदम हलकं वाटल्याची खूण आली. "बोललो. आता झालं ना? माफ केलंस ना?"

दुकानात पिशवी पुढे करावी तसा तो माझ्यापुढे चेहरा करून बसला होता. बाबांचं मरण अजून माझ्या हातात नीट आलंही नव्हतं, आणि याला सुटका हवी होती, ताबडतोब.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

मेणाचे दात बाहेर काढले. इतका वेळ तोंडाच्या उबेत राहून मेण मऊ झालं होतं. पुढचे दात कलले होते, चावा पार बिघडला होता. "मेण बसलं," मी म्हटलं. "सगळं पुन्हा करावं लागेल." आणि मागच्या खोलीत जाऊन नळाखाली हात धरले. दादाची किळस होतीच. पण त्या दिवशी मला माझीही आली. प्रार्थनेचा चिमटा करून मी त्याच्या तोंडातून ते उपटलं होतं, वर दातांचं कारण दिलं होतं. फादरांनी शब्द चावायला सांगितले होते, दुसऱ्याच्या तोंडात कोंबायला नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, "मिळालं ना हवं होतं ते?"

"मिळालं."

"मग?"

"मग काय. पोटात राहत नाहीये."

त्याने माझ्यासाठी चहा केला.

दुसऱ्या दिवशी दादाचा साचा पुन्हा टेबलावर घेतला. मेण तापवलं, एकेक दात उचलला, बसवला, बघितला, पुन्हा उचलला. राग येत होता. राग आला की हात थांबवायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचा दात. रागात बसवलेला दात वाकडा बसतो, हे मला पहिल्या वर्षी कळलं होतं. धाकट्या फादरांनी याला प्रार्थना म्हटलं असतं. मी काम म्हणते. मधेच वाटायचं की ही हिरडी दादाची नाही, बाबांची आहे, आणि वाटीत दात आहेत, आणि कुणी लावत नाहीये. मग पुन्हा कामाला लागायची. या वेळी मेण तोंडात घालून बघायला डॉक्टरीणबाईंनाच सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक वाटतंय. मी प्लास्टिक शिजवलं, घासलं, चकाकी आणली.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, दादा कवळी न्यायला आला. डॉक्टरीणबाईंनी डबी त्याच्या हातात दिली, आणि तेवढ्यात त्यांना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. मी दारातून बघत होते. नव्या माणसाला कवळी पटकन घालता येत नाही. त्याने वरचा भाग उलटा धरला, मग सुलटा, मग ओठात अडकवला. शेवटी त्याने डबी मांडीवर ठेवली आणि तो नुसता बसून राहिला. गाल बसलेले, ओठ आत गेलेले, डोळे दाराकडे. अगदी बाबा.

मला त्याच्या जवळ जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. तरी गेले. हात धुतले, कवळी पाण्यात बुडवली आणि म्हटलं, "तोंड उघडा." तोच वास, तीच किळस, काडीइतकीही कमी झालेली नव्हती. मी वरची कवळी टाळूला दाबून धरली. मग खालची बसवली.

"चावा. काहीतरी बोला."

"काय बोलू?" तो म्हणाला. "सांग ना."

"सांग" मध्ये शीळ वाजली. बारीक, लांब, शेवटी किंचित चढणारी. आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. जबडा तोच, टाळू तोच, हातही तेच. चाकावर एकदा धरलं असतं तर गेली असती.

"काढा," मी म्हटलं. "घासून देते."

दादाने तोंड गच्च मिटलं आणि मान हलवली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण तोंड काही त्याने उघडलं नाही. मी पण मग आग्रह केला नाही.

जाताना दारात थांबून त्याने पुन्हा विचारलं, या वेळी माझ्याकडे न बघता, "माफ केलंस?"

"नाही," मी म्हटलं. "केलं की सांगेन. आणि दादा, हॉलमध्ये सगळ्यांसमोर जे बोललास, ते सगळ्यांसमोरच परत घे."

"घेईन," तो म्हणाला.

शुक्रवारी चर्च भरलेलं होतं. नवरा खरंच आला, मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला. दादा वाचायला उभा राहिला. त्याने पुस्तक उघडलं, मिटलं, आणि माइकमध्ये म्हणाला, "वाचनाआधी एक सांगायचं आहे. माझी बहीण बाबांना भेटायला येत होती. मीच तिला येऊ दिलं नाही. मी खोटं बोललो, त्यांच्याशी आणि तिच्याशी." एवढंच. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. धाकट्या फादरांनी डोळे मिटले. आणि तो वाचायला लागला. प्रत्येक "स" ला शीळ. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरची एक आजी शेजारणीला म्हणाली, "अगं, हा तर त्याचा बाप बोलतोय."

मग सगळे प्रार्थनेला उभे राहिले. दादा अजून माइकजवळच होता, त्यामुळे सगळ्या आवाजांच्या वर त्याची शीळ ऐकू येत होती. ती ओळ आली आणि शीळ थांबली. मी मान वर करून बघितलं. दादा तोंड मिटून उभा होता. ती ओळ मी इतकी वर्षं सोडत आले, त्यामुळे तिथे कसं उभं राहावं लागतं ते मला ठाऊक आहे. आज तिथे तो होता, एकटा, सगळ्यांसमोर, आणि त्याने ती ओळ माझ्यासाठी ठेवली होती.

मी तोंड उघडलं. "आमच्या अपराधांची क्षमा कर," एवढं बाहेर पडलं, खरखरीत, इतरांच्या मागून. पुढचे शब्द दातांपर्यंत आले आणि अडले. लोक ती ओळ संपवून पुढे गेले. मी ते शब्द गिळले नाहीत आणि थुंकलेही नाहीत. कडू होते. तोंडात तसेच धरून मी उभी राहिले.